मावळाकडची जाळी

मँगोस्टीन हे कोकमाच्या भाऊबंदांपैकी एक फळ. जांभळी जाड साल, आत लसणाच्या पाकळ्यांसारखा पांढरा गर. मी ते एकदाच खाल्लं, केरळात, आणि तिथल्या तिथे ठरवलं की कासार आंबोलीच्या आपल्या वीस गुंठ्यांत हे लावायचं. बायको म्हणाली, "अहो, आपल्याकडे कढीपत्ता जगला नाही." असल्या वाक्यांनी मी आजवर कधी थांबलेलो नाही. सहा रोपं मागवली.

ह्या रोपाची तऱ्हा अशी की पहिली काही वर्षं त्याला ऊन सोसत नाही. पानांची एक जोडी काढतं आणि दमून बसतं. पुढची जोडी कधी येईल ते त्याच्या मर्जीवर.

जमिनीच्या एका कोपऱ्यात एका म्हाताऱ्याचं शेळ्यांचं वाडगं होतं. चार मेढी, भोवती कारवीचा कूड, वर जुना पत्रा. आधीच्या मालकाने ते राहू दिलं होतं, मीही राहू दिलं. बदल्यात ते रोपांना पाणी घालायचे. आजूबाजूला सगळीकडे बंगले आणि तारेची कुंपणं झालेली. शेळ्या बांधायला त्यांना दुसरी जागा नव्हती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी त्यांना 'बाबा' म्हणायचो, ते मला 'सायेब'.

मार्चात ऊन चटकायला लागलं. मुलीकडे बंगळूरला पंधरा दिवस जायचं होतं, म्हणून मी पिरंगुटहून हिरवी जाळी आणली आणि बाबांना विचारलं, कुठल्या बाजूने लावू? ते शेळीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मावळाकडनं झाका. तिकडचं लई वाईट."

आता कुणीही ह्याचा अर्थ मावळतीकडून असा घेईल. पण मी पडलो कारखान्यात तीस वर्षं ड्रॉइंगं तपासलेला माणूस. मी मोबाइलवर नकाशा उघडला. मावळ तालुका आमच्या मुळशी तालुक्याच्या उत्तरेला. झालं! उत्तरेच्या बाजूला बांबू रोवले आणि अशी ताठ जाळी ठोकली की वाऱ्याची बिशाद नव्हती. मार्चातला सूर्य त्या बाजूला चुकूनही फिरकत नाही, एवढंच काय ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी निघताना बाबा म्हणाले, "सायेब, जाळी हिकडं कशापायी?"

"बाबा, तुम्ही पाणी घाला. जाळीला हात लावायचा नाही."

"बरं," म्हणाले. वाडगं माझ्या जमिनीत होतं. दुसरं काय म्हणणार?

परत आलो तर पाच रोपं भाजलेल्या पापडासारखी. हात लावला की पान कुरकुरत चुरा व्हायचं. सहाव्याच्या शेंड्याला तेवढी हिरवी टिकली. शेजारच्या बंगल्यातलं जोडपं चहा घेऊन कुंपणाशी आलं, आणि बघणारे आले की माझा आवाज चढतो. मी बाबांना हाक मारली.

"दुपारी पाणी घातलंत ना? तापलेल्या पाइपातलं? शिजवलीत रोपं!"

"रोज तांबडं फुटायच्या आत घातलंय, सायेब."

"खोटं बोलू नका. आठ दिवसांत वाडगं हलवा."

त्यांचा चेहरा उतरला. "आवो, आसं नका करू. म्या सांगितलं व्हतं, मावळाकडनं झाका."

"तिकडूनच झाकलंय! तो काय मावळ!" आणि मी डोंगराच्या दिशेने हात लांब केला.

बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग डोंगराकडे, मग जाळीकडे. आणि हसू फुटलं त्यांना. आवरेना. कमरेला हात देऊन, खोकत, डोळे पुसत म्हणाले, "सायेब, दिस काय तालुका बघून मावळतोय व्हय?"

शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला. त्याची बायको अंगावर पदर नसताना तोंडाला लावायला पदर शोधत होती.

हा किस्सा मी कुठेही सांगतो. लग्नात, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलो असताना. लोक खो खो हसतात आणि मी इथेच थांबतो. ह्याच्या पुढचं सांगत नाही, कारण पुढे कुणी हसणार नाही.

पुढे असं झालं, की बाबांचं हसणं ओसरलं. मोकळ्या मनाने, सगळं मिटलं अशा समजुतीने, ते म्हणाले, "मंग वाडगं ऱ्हाऊ द्यायचं न्हवं?"

चूक माझी आहे हे मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं. शेजारी अजून नाक पुसत होता. मी म्हणालो, "आठ दिवस म्हणजे आठ दिवस."

बायको रोज म्हणायची, "जाऊन सांगा ना, राहू दे म्हणून. जीभ झडेल का?" मी म्हणायचो, उद्या सांगतो. मनात वाक्य तयार होतं. फार वाकावं लागणार नाही असं, जरा थट्टेचं, माझी बाजू थोडी सावरणारं. ते घासूनपुसून ठेवण्यात सात दिवस गेले. तेवढ्यात बाबांनी नेरे गावातल्या पुतण्याकडे विचारून पाहिलं. त्याने आवारात भाड्याच्या खोल्या काढलेल्या. तो म्हणाला, भाडेकरूंना वास येईल.

आठव्या दिवशी सकाळी खाटकाचा टेम्पो आला. शेळ्या चढेनात. बाबांनी एकेकीला पोटाखालून हात घालून वर दिली, करडांनासुद्धा. मग मेढी उपटल्या, कूड गुंडाळला, पत्रा डोक्यावर घेतला. मी फाटकापाशी उभा होतो. वाक्य तोंडात आलेलं होतं. टेम्पो अजून सुरू व्हायचा होता, एक शब्द पुरला असता.

ते माझ्यासमोर थांबले. "सायेब, काय म्हनायचं हाय का?"

मी म्हणालो, "जाताना फाटकाची कडी लावून घ्या."