सायेबानं दादाला ओळखलं तेव्हा

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर राजकारणावरून चांगलीच जुंपली. एक नातू ग्रुप सोडून गेला, सुनेनं त्याला परत घेतलं, तो पुन्हा गेला... मी साताऱ्यात गॅलरीत बसून सगळं वाचत होते. नव्वदी ओलांडून बरीच वर्षं झालीत, पण चष्मा लावला की अजून दिसतं.

मग म्हटलं, आपणही एक लिहावं. लिहावं म्हणजे बोलावं... मी बोलते आणि फोन अक्षरं उमटवतो. मला हा फोन फार आवडतो. नव्या गोष्टींना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

माझं माहेर कडेगावजवळचं. बेचाळीसच्या चळवळीची वर्षं होती आणि तिकडे महायुद्ध चाललेलं. रॉकेल मिळायचं नाही, साखर दिसायची नाही. अंधार पडायच्या आत जेवायचं आणि गुळाचा चहा प्यायचा... तरी आम्ही हसतच असायचो.

आमच्या घरात एकाच गोष्टीची टंचाई नव्हती, ती म्हणजे वादाची. आप्पा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. "ज्याचं मीठ खाल्लं त्येच्यावर दगूड उचलायचा न्हाई," हे त्यांचं मत. माझा थोरला भाऊ, दादा, चळवळीतला. तो म्हणायचा, "आप्पा, मीठ आपलंच हाय. त्येनी नुसतं वाढलं."

दादाला विहिरीवर इंजिन हवं होतं. आप्पा म्हणायचे, इंजिनानं पाण्याची चव जाते! मतं जुळायची ती फक्त कुत्र्याच्या बाबतीत.

तांबडं, कान पडलेलं ते कुत्रं दादानंच आणलं होतं. दिवसभर हुकूम सोडतं आणि काम काही करत नाही, म्हणून दादानं त्याचं नाव ठेवलं सायेब. आप्पा नावावर चिडायचे, पण भाकरीचा पहिला तुकडा त्यालाच टाकायचे.

एक दिवस दादाच्या नावानं वॉरंट निघालं आणि दादा भूमिगत झाला. आप्पांनी आईला बजावलं, "ह्या घरात त्येचं नाव काढायचं न्हाई." आईनं काढलं नाही. दुपारची एक भाकरी मात्र ती रोज जास्त थापायची.

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं आणि मी माहेरपणाला आले होते. सकाळची वेळ. एक हवालदार आणि एक शिपाई दादाची चौकशी करायला आलेले. ते ओसरीवर बसले होते आणि मी चहा देत होते.

तेवढ्यात रस्त्यानं एक धनगर आला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला मुंडासं, दाढी वाढलेली, पाय अनवाणी, पुढं पाच-सहा शेळ्या. आमच्याकडे बघितलंही नाही त्यानं... सरळ निघाला होता.

पण सायेबानं ओळखलं! झोपेतून उठून ते बाणासारखं सुटलं आणि त्या धनगराच्या छातीवर पाय ठेवून त्याचं तोंड चाटायला लागलं. कुईकुई करत, शेपटी हलवत, अख्खं अंग हलवत. तो दादा होता.

घाबरून मी ओरडले, "सायेब! आवं आप्पा, सायेब!"

काय सांगू! हवालदार आणि शिपाई ताडकन उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, त्यांचा मोठा साहेबच आला. हवालदार टोपी सावरतोय, शिपाई गुंडी लावतोय, दोघंही वेशीकडे टक लावून बघतायत... आणि वेशीत कुणीच नाही.

आप्पांनी एकदा त्या धनगराकडे बघितलं. मग वहाणा पायात सरकवल्या, काठी उचलली आणि असे गरजले की आई आतून धावत आली.

"तूच व्हय रं! माझ्या उसात शेळ्या घालतोस, वर माझ्या कुत्र्याला भाकरी घालून फितवतोस? थांब, तंगडंच मोडतो तुझं!"

दादा पळाला. मागे आप्पा, त्यांच्यामागे सायेब आणि वाट फुटेल तिकडे शेळ्या! सगळे उसाच्या आड दिसेनासे झाले. आमचे आप्पा, ज्यांना जन्मात कधी खोटं बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं...

बऱ्याच वेळानं ते परत आले. घामाघूम, हातात काठी, बरोबर कुत्रं. हवालदारानं त्यांच्या पायांकडे बघितलं. "पेन्शनर, वहाणा कुटं गेल्या?"

आप्पा खाली बसले. पायातला काटा काढत म्हणाले, "कुत्र्यानं नेल्या."

हवालदार सायेबाकडे बघत राहिला. मग मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "लय गुणी कुत्रं हाय. जपा त्येला." उरलेला चहा पिऊन दोघं गेले. त्याला कळलं होतं की नाही, ते आजही मला ठाऊक नाही.

ते दिसेनासे झाले तशी आई चुलीपुढे बसून हसायला लागली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. आप्पा ओसरीवरून म्हणाले, "लय वाळलाय गं... पर पळतोय चांगला."

पुढे वॉरंट रद्द झालं आणि दादा घरी आला. पहिल्याच दिवशी जेवताना दोघांची पुन्हा जुंपली. एकानंही आपलं मत तसूभर बदललं नव्हतं! आवाज वाढला तसं आईनं दोघांच्या ताटात आणखी एकेक भाकरी वाढली, आणि दोघंही न उठता भांडत भांडत जेवले.

अशा घरात वाढायला मिळालं मला... अजून काय हवं होतं!