त्याले कुठंच जा लागत नाही

मी प्रोग्रामर आहे आणि चिखलीजवळच्या माझ्या गावात राहून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. गावाला हे पटत नाही. नोकरी म्हणजे सकाळी डबा घेऊन एसटीत चढणं, आणि मी चढत नाही. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा अशा अवतारात मी मागच्या खोलीत लॅपटॉपशी इंग्रजीत बोलत असतो. शेजारच्या काकूंनी आईला एकदा हळूच विचारलं होतं, "पोट्ट्याले डॉक्टरले दाखवलं का?"

ती डोणगावची. चिखलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आमची ओळख झाली. पुढे ती शाळेत शिकवायला लागली आणि मी कोड लिहायला. लग्न करायचं आमचं ठरलेलं होतं. जात एक, त्यामुळे घरचे अडवतील असं वाटत नव्हतं. "बाबा चौकशीले येतीन, पन सांगून येनार नाहीत," एवढं तिनं बजावलं होतं. आमच्याकडे मुलीचा बाप असाच येतो. पोराच्या गावात उतरतो, पानटपरीवर चार गोष्टी काढून घेतो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं दारात येतो.

ते आले तेव्हा भर दुपार होती. कंपनीचं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं आणि माझ्या कानात चार जण एकदम ओरडत होते, त्यामुळे बाहेर कोण आलंय याचा मला पत्ताच नव्हता. ओट्यावर माझे वडील होते. त्यांनी पाणी दिलं. पाहुण्यांनी सहज विचारलं, "पोरगं काय करते?"

"घरीच असते," वडील आनंदानं म्हणाले. "कम्प्युटर पाहत बसते दिवसभर. त्याले कुठंच जा लागत नाही."

हे त्यांनीच मला रात्री जेवताना सांगितलं, एक भला माणूस येऊन गेला म्हणून. तो भला माणूस कोण, ते मला लगेच कळलं. आमच्या गल्लीतली बाकीची पोरं दिवाळीला तेवढी दिसतात. माझ्या वडिलांना माझं कौतुक करायचं होतं, आणि यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्याजवळ नव्हतं.

मला नोकरी आहे हे तिनं बापाला खूप समजावलं. बापाला वाटलं, पोरगी त्या पोरासाठी खोटं बोलतेय. महिनाभरानं तिचा फोन आला. पुण्याचं स्थळ आलं होतं आणि घरच्यांनी होकारही कळवून टाकला होता.

"काय करतो तो?" मी विचारलं.

"तुह्यासारखंच."

"ऑफिसला जातो?"

ती म्हणाली, "नाही. फ्लॅटवरूनच करते काम."

मला हसू आलं, तीही हसली आणि मग आम्ही दोघंही रडलो. तिच्याशिवाय जगायची मी कधी तयारीच केली नव्हती. फोन ठेवल्यावर मी मीटिंगला बसलो आणि कॅमेरा बंद ठेवला.

मला नीट जेवण जाईना, तेव्हा आईनं वडिलांना सगळं सांगितलं, तो भला माणूस कोण होता तेही. सकाळी ते लग्नाकार्याचे कपडे घालून निघाले. आता उपयोग नाही, मी म्हणालो. "माह्या तोंडून गेलं ते. मीच जाऊन सांगतो, पोरगं नोकरीले हाये म्हनून," असं म्हणत त्यांनी चपला घातल्या.

संध्याकाळी आले ते सरळ मागच्या खोलीत, माझ्यासमोर बाजेवर बसले. त्यांच्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता.

"सांगितलं?" मी विचारलं.

"दारात मांडव होता. साखरपुडा होता आज."

"मग?"

"मंग काय. तिच्या बापानं हात धरून आत नेलं, म्हाताऱ्या मानसाहिच्या रांगेत बसवलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "दोघं जोडीनं पाया पडले माह्या. आशीर्वाद देल्ला म्या. पोरगी खालीच वाकून होती, लवकर उठेच ना."