आईच्या पायावरचं कलम

इंग्लंडात लेस्टरला माझ्याकडे आलेल्या आईच्या पावलावर चकल्यांचं उकळतं तेल सांडलं आणि सर्जनबाईंनी तिच्या मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. "पाच दिवस पायाला धक्का नको. कातडी सरकली तर पुन्हा मांडी सोलावी लागेल," असं बजावून त्यांनी तिला घरी पाठवलं. घरी, म्हणजे माझ्या ताब्यात!

आई घाबरली होती. घाबरलेल्या माणसाला मी गोष्टी सांगतो, दुसरा इलाज मला येत नाही. हात नाचवत मी पुण्याकडच्या त्या जुन्या कारागिराला उभं केलं. तो कपाळाची कातडी खाली वळवून कापलेल्या नाकाच्या जागी नवं नाक घडवायचा, आणि त्याची हकीकत वाचून इथले डॉक्टर चाट पडले होते. मग आणला पॅरिसमधला तरुण डॉक्टर. त्याने कातडीचे चिमुकले तुकडे जखमेवर लावले आणि त्या करामतीला चक्क माळ्यांचा शब्द दिला, कलम!

"कलम मला शिकवतोस?" आई म्हणाली. "माहेरी आंब्याची बांधायचो आम्ही. धरेपर्यंत वाऱ्याचीसुद्धा भीती." ती हसली नाही.

चौथ्या दिवशी मराठी मंडळातलं नवं जोडपं भेटायला आलं. मी दारातच द्वारपालासारखा आडवा झालो. "नमस्कार लांबूनच हं! महाराणींच्या पायाला स्पर्श नाही." दोघं खळखळून हसली. तासभर गप्पा झाल्या. निघताना त्या जोडप्यातल्या मुलीने पर्स खांद्याला अडकवली आणि सवयीने वाकली. दोन्ही तळवे थेट बँडेजवर.

आईच्या तोंडून "स्स्" निघालं आणि त्याच श्वासात, "सुखी राहा गं."

"अगं बाई! आजी, सॉरी, मी विसरलेच हो!"

"काही झालं नाही. डबा घेतलास ना चकल्यांचा?"

दार लागलं तेव्हा बँडेजवर लाल ठिपका उमटला होता.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी पट्टी भिजवून उलगडली. आई छताकडे बघत होती, मी तिच्याकडे. बरीचशी कातडी गुलाबी होती, धरलेली. बोटांच्या मुळाशी मात्र काळा डाग.

"तेवढी गेली," बाई म्हणाल्या. "आठवडाभर बघू. जखम भरली नाही, तर पुन्हा मांडीवरून घेऊ."

गाडीत त्या मुलीचा फोन स्पीकरवर आला. "काका, आजींचा पाय कसा आहे?"

माझ्या जिभेवर अख्खा प्रवेश तयार होता, त्या "स्स्"सकट. आईच मागच्या सीटवरून ओरडली, "धरलंय गं, मस्त धरलंय!"

फोन बंद झाल्यावर म्हणाली, "तिला कळता कामा नये. आशीर्वाद दिलाय मी."

मी तो प्रवेश गिळला. प्रत्येक राउंडअबाउटच्या वळणाला ती आपला पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवत होती.