दळवीमामांची पट्टी

दळवीमामांच्या डाव्या मनगटात घड्याळ नसे, पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ असे, बांगडीसारखं घातलेलं. मोजे आवळायला, घोटा बांधायला आणि संघ निवडायला त्यांना तेच लागे. दातांनी पट्टी तोडायची, तिच्यावर खेळाडूचं नाव मराठीत लिहायचं आणि कपड्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटवायची. रियाधमधल्या आमच्या मुलींच्या फुटबॉल संघाची यादी त्या दारावर तयार होई. सौदी मुलींना त्यावरचं स्वतःचंच नाव वाचता येत नसे. आमची बचावपटू नूरा रोज सरावाआधी मला तिथे ओढून न्यायची आणि विचारायची, "मी आहे ना अजून?"

मामा खेडचे. जिझानला एसी दुरुस्त करायला आले आणि फिरत फिरत रियाधच्या क्लबात स्टोअरकीपर झाले. मुलींचा संघ निघाला तेव्हा तिकडे जायला कुणी तयार होईना, म्हणून यांना ढकललं. कोच दर मोसमाला बदलायची, मामा तिथेच असायचे, त्यामुळे कुणाला घ्यायचं आणि कुणाला सोडायचं हे हळूहळू त्यांच्याच हातात आलं. हुद्दा मात्र शेवटपर्यंत स्टोअरकीपरचाच राहिला. मी त्यांना मामा म्हणायचे तेव्हा सौदी मुलींना हसू आवरत नसे, कारण त्यांच्यात मामा म्हणजे आई. पुढे सगळा संघच त्या मिशाळ माणसाला मामा म्हणू लागला.

अमेरिकेत मुलींच्या संघांचा ड्राफ्ट व्हायचा, संघ आळीपाळीने एकेक नवी खेळाडू उचलायचे, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. ते खूळ त्यांनी आमच्याकडे आणलं. चाचणीला आलेल्या मुली ओळीत उभ्या करायच्या, दोन जुन्या खेळाडूंना आळीपाळीने निवडायला सांगायचं आणि स्वतः ओळीच्या शेवटाकडे बघत राहायचं. "पहिली कुणीही उचलतो गं," ते म्हणायचे. "शेवटी उरलेली कशी उभी राहते, ते बघायचं असतं."

मी चाचणीला गेले त्या वर्षी शेवटी मी उरले होते. रियाधच्या अल मलाझ वस्तीत वाढलेली, भारतीय शाळेतली, चष्मा काढून आलेली गोलकीपर. ते जवळ आले आणि थेट मराठीत म्हणाले, "हातमोजे कुणाचे आणलेस, बापाचे?" बाबांचेच होते, कामावरचे. दुसऱ्या दिवशी मामांनी मला खरे हातमोजे दिले आणि तीन वर्षं दुसऱ्या संघात घासून घेतलं. "मृणाल, ओरड. गोलकीपरने पाहुण्यांसमोर बोलल्यासारखं बोलायचं नाही." मला आज जो आवाज आहे तो त्यांनी काढलेला आहे, हे नाकारून चालणार नाही.

चौथ्या वर्षी बाबांची नोकरी संपत आली आणि घरात खोकी भरायला सुरुवात झाली. पहिल्या संघात करार झाला तर क्लब माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, स्वतःच्या नावावर करणार होता. नाही झाला तर बाबांच्या इकाम्याबरोबर माझंही खलास. रियाधशिवाय मला दुसरं शहर माहीत नव्हतं आणि हे मामांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नियम असा होता की परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, पण परदेशी आईबापांची मुलगी सौदीत जन्मलेली असेल तर तिची जागा वेगळी. कपाटावर त्यासाठी मामांनी वेगळी ओळ केली होती. माझी पट्टी तिथे लावून ते म्हणाले, "तू इथलीच. तुझ्यामुळे माझी एक परदेशी जागा वाचली." इथलीच, असं त्या शहरात मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी इतकी हरखले की पुढे काही विचारलंच नाही. वाचलेली जागा मामांनी ट्युनिशियाच्या एका मधल्या फळीतल्या खेळाडूला दिली आणि परदेशी खेळाडूंचे सगळे करार झाले.

नोंदणीच्या आठवड्यात त्यांनी माझा जन्मदाखला मागितला. उभ्याउभ्याच वाचला. जन्मस्थळ, मिरज.

"हे काय?"

"आई गेली होती ना बाळंतपणाला, माहेरी. मी तीन महिन्यांची होऊन इथे आले."

मामा कपाटाला टेकले. "माझ्या बायकोलाही मी चिपळूणला तिच्या आईकडे पाठवलं होतं," ते म्हणाले, "आणि तुला विचारायचं मला सुचलं नाही."

ट्युनिशियाच्या मुलीचा गुडघा तेव्हा दुखत होता, तिला अजून सोडता आलं असतं. कोचने सरळ मामांवर सोपवलं. मी तोंड उघडून मागितलं. "मामा, तिची जागा मला द्या."

"गोलकीपर मला सौदी मिळेल. मधली फळी नाही मिळणार. यादी नात्यावर करायची नसते, मृणाल."

माझ्यासमोर नखाने त्यांनी माझी पट्टी सोलली, गोळी करून खिशात टाकली आणि म्हणाले, "संघाचे कपडे गुरुवारपर्यंत जमा कर." ते चुकीचं बोलत होते असंही मला म्हणता येत नाही, म्हणून तर तो राग जात नाही. घरी आई एवढंच म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरीच करतात, त्यात विचार काय करायचा होता?" आणि खोकी भरत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी मामा नवे हातमोजे घेऊन आले. भर दुपारी मी आईला सांगितलं, झोपलेय म्हण. ते जिन्यात बराच वेळ उभे होते. शेवटी हातमोजे दाराशी ठेवून गेले. मीही ते तिथेच सोडले.

दोन वर्षांनी यादी करायला क्लबने लॅपटॉपवाला आणला आणि मामांना घरी पाठवलं. खेडहून त्यांचा फोन आला.

"एक प्रश्न विचारायचा राहिला गं माझ्याकडून."

"तुम्हाला गोलकीपर मिळाली का चांगली?"

"नाही. तुझ्यासारखी नाही."

"बरं झालं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. इतकं वाईट मी कुणाशी बोललेले नाही. पुढच्याच वर्षी मामा गेले. मला ते रियाधहून नूराने कळवलं.

मी आता मिरजेत मुलींना फुटबॉल शिकवते. माझ्या मनगटात पट्टीचं रीळ असतं आणि निवडीच्या वेळी मी ओळीच्या शेवटाकडे बघते. परवा एक लुकडी मुलगी उरली होती, सरळ उभी, मान वर. पट्टी दातांत धरून मी तिला विचारलं, "जन्म कुठला?"

"अथणीला, मॅडम. कर्नाटकात, आजोळी."

मी पट्टी तोडली नाही. "दाखला घेऊन ये," म्हटलं. "आधी दाखला, मग नाव."