आंबट सफरचंदाचं पुडिंग

गाडी दारात उभी होती, ड्रायव्हरचा दोनदा हॉर्न वाजवून झाला होता, आणि आमच्या मातोश्री विणायची सुई हातात धरून गॅससमोर उभ्या होत्या. देवळाली कॅम्पातलं आमचं स्वयंपाकघर. गॅसवर जुना कुकर, त्याची शिटी आणि रिंग काढून टाकलेली, तळाला वाळू, वाळूवर उपडी ताटली आणि ताटलीवर अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात सफरचंदाचं पुडिंग. ओव्हन आमच्या घरात कधीच आला नाही. बाबा अंगणातून ओरडत होते, "अगं, विमान काय तुझ्या पुडिंगसाठी थांबणार आहे?" आई सुई खुपसायची, बाहेर काढून उजेडात बघायची, तोंड वाकडं करायची आणि पुन्हा झाकण ठेवायची. शेवटी तो डबा तिनं तसाच फडक्यात बांधला आणि गाडीत माझ्या मांडीवर आणून ठेवला. रडली वगैरे नाही. म्हणाली, "मधे कच्चं राहिलंय. कडेकडेनं खा."

कसारा घाटात मी आणि नितीननं ते खाल्लं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्याला नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, कॉम्प्युटरच्या चिप्सची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. कडेचं संपलं तसं आम्ही मधलं कच्चंही चाटूनपुसून खाल्लं आणि खूप हसलो. दोन वर्षांचं परमिट आहे, दोन वर्षांनी परत, असं मी आईला सांगून आले होते. खोटं नव्हतं ते. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

हे मी तिकडे मागे राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारखं उठून इकडे आलेल्यांसाठीही. तिकडच्यांना वाटतं आमचं झकास चाललंय. इकडच्यांना ठाऊक आहे काय चाललंय ते, पण वीकेंडच्या पॉटलकला कुणी विषय काढत नाही.

तर हे पुडिंग. हा पदार्थ आमच्या घरात आला कुठून, असं लोक विचारायचे, कारण आम्ही पडलो वरणभात-तुपातले. शेजारच्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये डोरीन आंटी राहायच्या. अँग्लो-इंडियन बाई, कॅम्पातल्या शाळेत पियानो शिकवायच्या. त्यांनी आईला हे शिकवलं, मोडक्या हिंदीत. खाली सफरचंदाच्या फोडी, साखर, दालचिनी. वर लोणी-साखर-अंडी फेसून केलेल्या स्पंजचं पीठ. भाजलं की खालचं सफरचंद मऊ होऊन रस सोडतं आणि वरचा स्पंज तो पितो. वरून गरम कस्टर्ड. बाबांना अंडं चालत नसे, म्हणजे दिसलेलं चालत नसे. आई मागच्या दारी अंडी फोडायची, टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून थेट कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर नेऊन टाकायची, आणि बाबा दोनदा वाढून घेऊन म्हणायचे, "फुगलंय छान. सोडा जास्त घातलास वाटतं." साळसूदपणाचा कळस नुसता!

पण डोरीन आंटींचं एक पालुपद होतं. "ये असली नहीं है. असली में खट्टा सेब होता है, पकानेवाला. वो इधर नहीं मिलता." आपल्याकडची सफरचंदं गोड, शिजली की नुसता गोड गाळ. म्हणून आई त्यात लिंबू पिळायची, एकदा तर तिनं कैरी किसून घातली होती. आंटींनी ते खाल्लं, मान हलवली आणि म्हणाल्या, नाही, हे ते नाही. गंमत म्हणजे आंटी स्वतः इंग्लंडला कधीच गेल्या नव्हत्या. त्यांच्या आईनंही ते बघितलं नव्हतं. कुणीच न बघितलेल्या घराचं ते पुडिंग होतं. पुढे त्या मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेल्या, दोन नाताळ कार्डं आली आणि मग बंद झाली. आईच्या मनात मात्र ते खट्टं सफरचंद घर करून बसलं. एकदा तरी ते खाऊन बघायचं, असं ती अगदी गंभीरपणे म्हणायची. आयुष्यात तिनं स्वतःसाठी मागितलेली मला आठवते ती एवढी एकच गोष्ट.

आणि बघा नशीब कसं असतं! आइंडहोवनजवळ न्यूनेनला आम्ही घर घेतलं, तर मागच्या बागेत एक म्हातारं सफरचंदाचं झाड. ऑक्टोबरात त्याला खरबरीत सालीची, मळकट हिरवी, बेढब फळं लगडली. मी एक चावलं आणि कानापर्यंत आंबले. शेजारच्या डच आजोबांनी कुंपणावरून सांगितलं, हे खाउडरेनेट, हे नुसतं खायचं नसतं, शिजवायचं. मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. "आई, सापडलं गं! माझ्या दारात आहे!" पलीकडे ती इतकी हसली, इतकी हसली, की बाबांना वाटलं मला दिवस गेले.

मग तिला बोलावली कधी? मे महिन्यात. सगळे बोलावतात तेव्हाच. इथल्या यच्चयावत मराठी घरांत आईबाप येतात ते ट्युलिप बघायला. साडीखाली स्पोर्ट्स शूज, वर स्वेटर, डोक्याला माकडटोपी, मागे फुलांचे पट्टे, हा फोटो नसेल तर नेदरलँड्स झालं असं कुणी मानतच नाही. ऑक्टोबरात कोण बोलावणार? पाऊस, वारा, लवकर पडणारा अंधार. त्यांना थंडी बाधेल, कंटाळतील. आईनं झाडावर नुसता मोहोर बघितला. दुसऱ्या खेपेला जुलैपर्यंत राहिली, तेव्हा लिंबाएवढी फळं धरली होती. गळून पडलेलं एक तिनं उचललं, हुंगलं, नखानं साल खरवडून बघितली. मी म्हटलं, "पुढच्या वेळी ऑक्टोबरात ये." ती म्हणाली, "येईन की, त्यात काय!"

पुढची वेळ आली नाही. बाबा गेले. मी जाऊन दिवसकार्य उरकून परत आले. आई म्हणाली, घर बंद ठेवून मी येत नाही आता. मग एका सकाळी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पातळसर, मऊ तेवढंच गिळता येतं. डोकं मात्र साफ शाबूत. विमानप्रवासाला डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. आणि तो जमला असता तरी इथे म्हाताऱ्या आईबापांना कायमचं आणून ठेवता येत नाही. पाहुणे म्हणून यायचं, मुदत संपली की जायचं. मी खेमेन्टेत विचारलं, म्हणजे आपली नगरपालिका; वकिलाला विचारलं. सगळे फार सभ्यपणे, कॉफी देऊन, नाही म्हणाले. देवळालीत तिच्यापाशी चोवीस तासांच्या सुनंदाताई राहतात. मी एकुलती एक. रोज व्हिडिओ कॉलवर असते, म्हणजे फोन भिंतीला टेकवून ठेवलेला असतो आणि मला बहुतेक वेळ पंखा दिसतो.

मग परत का नाही जात, असं विचाराल. मी स्वतःला रोज विचारते. रेवा चौदाची आहे, तिला मराठी कळतं आणि ती डचमध्ये नाहीतर इंग्रजीत उत्तर देते. तिला देवळालीत नेऊन कुठल्या बाकावर बसवू? नितीनची नोकरी इथे, घराचं कर्ज इथे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी वाईट मुलगी नाही हो. चांगली मुलगी असण्याची सोयच कुठे उरली नाहीये.

गेल्या ऑक्टोबरात झाड नेहमीसारखं लगडलं आणि मला त्याचा राग राग आला. शिडी लावून मी टोपलीभर फळं उतरवली. ठरवलं, ती येऊ शकत नाही ना, मग पुडिंग जाईल. आईनं ते सफरचंद खाल्ल्याशिवाय जायचं नाही. त्यापलीकडे माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

साली काढल्या, फोडी केल्या, साखर हात सोडून घातली, कारण ही फळं साखर गटकन गिळतात. दालचिनी, एक लवंग कुटून. लोणी-साखर फेसताना मशीन बाहेर काढलं आणि परत ठेवून दिलं. आईसारखं लाकडी डावानं फेसलं. अंडी चार, राजरोस, ओट्यावर फोडून. माझ्याकडे मस्त मोठा ओव्हन आहे, आकडा लावला की झालं, वाळू नको, सुई नको. पुडिंग वर आलं सोनेरी, मधे जरासुद्धा कच्चं नाही, आणि कडेनं आंबटगोड रस बुडबुडत बाहेर आला. सगळं घर दरवळलं. मी ओव्हनच्या दाराशी जमिनीवर बसून रडले. रेवा आत डोकावली. "मम, व्हाय डोन्ट यू जस्ट टेक स्ट्रोपवाफल्स? आजी लाइक्स देम." स्ट्रोपवाफल म्हणजे इथलं पाक भरलेलं बिस्किट. नाही म्हणायला, तिनं टिश्यूचा डबा आणून दिला आणि थोडा वेळ माझ्याशेजारी बसून राहिली.

पुडिंग डब्यासकट फ्रीझरमध्ये घातलं, दगड झाल्यावर प्लास्टिक, त्यावर टॉवेल, त्यावर माझे दोन स्वेटर. स्किपोल विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आत गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मुंबईला उतरले, टॅक्सी केली, घाट चढले. वाटेत दोनदा गाडी थांबवून डिकीत बॅग चाचपून बघितली. ड्रायव्हरला वाटलं असणार, बाईनं सोनं आणलंय.

आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. केस विंचरलेले, माझ्यासाठी निळा गाउन घातलेला. अर्ध्या चेहऱ्यानं हसली. "आलीस?" आणि मग लगेच, "जायचं कधीये?" मी म्हटलं, येत्या रविवारी. तिनं मान हलवली, वाईट वाटल्यासारखी नाही, दुधाचा हिशेब लागावा तशी.

दुपारी मी कुकरमध्ये पाणी घालून पुडिंग वाफेवर गरम केलं. पातळ कस्टर्ड केलं, त्यात ते मऊ कालवलं आणि वाटी घेऊन तिच्यापाशी बसले. म्हटलं, "आई, तेच आंबट सफरचंद. डोरीन आंटींचं. माझ्या झाडाचं." तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलं. मी अर्धा चमचा भरवला. ती बराच वेळ तोंडात घोळवत राहिली, आंबटपणानं तिचा डावा डोळा बारीक झाला. गिळलं. आणखी अर्धा चमचा. सुनंदाताईही हातातलं काम टाकून बघत होत्या.

आता ह्या बाईनं माझ्या हातच्या कशालाही कधी बरं म्हटलेलं नाही, हे सांगायला हवं. पोळी केली तर कडा जाड. आमटी केली तर गुळानं मारली. लग्नानंतर पहिल्यांदा मी पुरण घातलं तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली, "पुरण आहे की पिठलं?" बाहेरच्यांना मात्र शब्दानं दुखवायची नाही. कुणी नातेवाईक डब्यातून काही करून घेऊन आला, मग ते करपलेलं का असेना, तिचं वाक्य ठरलेलं असे आणि ती ते गोड आवाजात म्हणायची. पाहुणे गेले की आमच्याकडे बघून डोळे फिरवायची.

मी वाट बघत होते. साखर कमी पडली म्हण. लवंग कशाला घातलीस म्हण. हे ते नाहीच म्हण, तेवढं तर नक्की म्हण!

आईनं डाव्या हातानं माझा हात थोपटला. शब्द जुळवून जुळवून, त्याच गोड आवाजात म्हणाली, "छान झालंय हं. कशाला गं एवढा त्रास घेतलास?"

"आई, काय चुकलंय ते सांग ना."

"काही नाही. अगदी छान." आणि सुनंदाताईंकडे वळून म्हणाली, "हिला चहा टाका. लांबून आलीय."

सुनंदाताईंनी चहा टाकला. मी तो प्यायले. त्यांनी पाहुण्यांसाठी राखलेला कपाटातला चांगला कप काढून दिला होता मला, बशीसकट. शेजारच्या खोलीत आई अडखळत सुनंदाताईंना म्हणत होती, काल तुम्ही खिचडीत मीठ विसरलात, आणि आज भाताची पेज किती घट्ट केलीत, काय भिंतीला लावायचीय? सुनंदाताई हसत होत्या आणि उलट उत्तर देत होत्या.

न्यूनेनला मी काहीही केलं तरी डच आजोबा "लेकर" म्हणतात, म्हणजे चविष्ट. नितीन मान वर न करता "मस्त" म्हणतो. रेवा "इट्स फाइन" म्हणते. माझ्या करण्याला नावं ठेवणारं जगात एकच घर होतं. आता तिथेही सगळं छान झालंय.