अक्काने तिघांना एका गाडीत बसवले

माझी धाकटी बहीण टॅक्सी चालवते. स्टँडवर तिला सगळे अक्का म्हणतात. नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा इंधनाचा खर्च वाचावा म्हणून तिने जुनी गाडी मोडून विजेची घेतली. घराच्या कोपऱ्यावर चार्जिंग स्टेशन होणार, या भरवशावर घेतली.

स्टेशन झालेही. खांब उभे राहिले, छप्पर आले, जमिनीवर पांढरे पट्टे मारले. वीज मात्र आली नाही. मग रोज पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रांग लावायची. परत येईपर्यंत शाळेची, दवाखान्याची भाडी दुसऱ्यांनी नेलेली. असेच चालले तर गाडी विकावी लागेल, हे तिने मला स्वच्छ सांगितले.

मी जन्मभर केबलचे चर खणले, म्हणून तिने विचारले, "दादा, अडलंय कुठं?"

मी जाऊन पाहिले. चर बुजवलेला होता, केबल मीटरच्या खोलीपर्यंत पोचली होती. एक जोड तेवढा राहिला होता. अर्ध्या दिवसाचे काम.

ती चौकशीला निघाली. ठेकेदाराकडे खोलीची किल्ली. तो म्हणाला, "मिस्त्री आला की उघडतो." केबल जोडणारा मिस्त्री म्हणाला, "दोनदा जाऊन आलो, कुलूप होतं. आणि साहेबांनी पाहिल्याशिवाय जोड बंद करता येत नाही." तपासणीचे साहेब म्हणाले, "काम सुरू झालं की कळवा, येतो." तिघेही खरे बोलत होते आणि तिघेही जागचे हलत नव्हते.

"तीन माणसं एका वेळी एका जागी न्यायची, एवढंच ना?" अक्का म्हणाली. "मी दुसरं काय करते रोज?"

सोमवारी तिने आधी मिस्त्रीला अवजारांसकट उचलले, मग ठेकेदाराला. साहेब ऑफिसच्या फाटकाशीच अडले.

"मला ऑफिसची गाडी आहे."

"मग ती इतके दिवस का नाही आली? बसा पुढं. पट्टा लावा."

मागे ठेकेदार फिदीफिदी हसला.

"तुम्ही हसू नका. किल्ली घेतलीत का बघा."

त्याने खिसे चाचपले. किल्ली घरी! गाडी पुन्हा मागे वळवली.

मिस्त्री हाताचा पक्का. केबल सोलताना सुरी एकदाही वाकडी गेली नाही. साहेबांनी गुडघे टेकून जोड पाहिला, मान डोलावली. दुपारी खटका ओढला आणि खांबावर हिरवा दिवा लागला.

अक्काने गाडी लावली. स्टँडवरचे चालक धावत आले. एकाने टोमणा मारला, "अक्का, फीत कापायला कुणी मोठा माणूस नाही बोलावला?"

"बोलावला असता तर त्याचीच वाट बघत बसलो असतो."

साहेबांनी घड्याळ पाहिले. "बाई, मला परत सोडता ना?"

"थांबा थोडं. गाडी जेवतेय."

साहेबही हसले, आणि तिघे जण छपराखाली बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेची भाडी पुन्हा तिचीच होती.