कूलर आणि चिमणी

चंद्रपुरात आमच्या गच्चीवरून विजेच्या कारखान्याची चिमणी दिसते. पाहुण्यांना घराची खूण म्हणून आम्ही तीच सांगतो. दोरीवरचे कपडे संध्याकाळी दोनदा झटकून आत घ्यावे लागतात, म्हणून पांढरं आमच्याकडे कोणी विकत घेतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात मायच्या बचत गटाच्या बैठकीला शहरातून एक बाई आल्या. आपण घरात वीज वाचवली की कुठंतरी तेवढा कोळसा कमी जळतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचं ते 'कुठंतरी' आमच्या घरामागेच होतं. माय घरी आली, कूलर बंद केला आणि गच्चीवर जाऊन चिमणीकडे पाहत बसली.

माझ्या लेकीला दमा आहे. तिची छाती वाजायला लागली की मायचा जीव थाऱ्यावर राहत नाही. काढे झाले, गंडे झाले, पंपही झाला. हा उपाय तर नुसता बटण दाबायचा होता. एका कूलरनं काय होणार आहे, असं मी तिला विचारलं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि नशीब पाहा, चार दिवसांत धूर खरंच थांबला. कारखान्यात दुरुस्ती निघाली होती, तसं पेपरात आलं होतं. मी मायला पेपर दाखवला. तिनं त्याची घडी करून वारा घेतला. मग तिनं गल्लीतल्या बायांना कूलर बंद करायला लावले. मे महिना, आणि अख्खी गल्ली उकडून निघाली. शेजारच्या भाऊंनी मला अडवून विचारलं, तुह्या मायले काय झालं? मी म्हटलं, पर्यावरण.

दुरुस्ती संपली, धूर परत सुरू झाला. माय तरातरा खाली उतरली आणि कूलर कोणी लावला ते घरोघरी पाहत सुटली. समोरच्या बाईकडे चालू सापडला. त्या दोघी अजून बोलत नाहीत.

त्याच दुपारी माय ओट्यापाशी कोसळली. ऊन लागलं होतं. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. दवाखान्यात सलाइन लावलं आणि कूलरसमोर निजवा म्हणून घरी पाठवलं. मी कूलर लावला. तिला जरा बरं वाटतंय तोच आतल्या खोलीत लेक खोकली. मायनं पडल्या पडल्या हात लांबवून बटण बंद केलं.

आता मात्र माझं डोकं सरकलं. "माय, तुह्या कूलरनं नाई होत तिले खोकला."

"मंग कोनाच्या होते?"

ही वीज लांब जाते, पार मुंबई-पुण्यापर्यंत, असं मी सांगितलं. तिकडं घरोघरी एसी असतात, दुकानांत तर दारं उघडी ठेवून लावतात, तेही सांगितलं. मायनं सगळं नीट ऐकून घेतलं. तिला कोणाचाच राग आलेला दिसला नाही.

"त्याईले कोनी सांगतलं नसन," ती म्हणाली. "नाई तं लहान पोरीसाठी कोन बंद नाई करत?"

मी बटण दाबलं आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.